तळाची माती

महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर रंगवलेले एक वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेले असेल : ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. यमकामुळे ते चटकन पाठ होते, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे आपण पुन्हा वळून पाहत नाही. पाहिले, तर त्यातला ‘पाळा’ हा शब्द जरा विचित्र वाटतो. गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचा मासा. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो आपल्याकडे आणला गेला आणि गावोगावच्या हौदांत, डबक्यांत, पडीक विहिरींत सोडला गेला. त्याला कोणी खाऊ घातले नाही, त्याचे पाणी कोणी बदलले नाही. सरकारी वाक्यातल्या ‘पाळा’चा अर्थ ‘सोडा आणि विसरा’ एवढाच होता.

मराठीत आपण वचन पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. आणि कुत्रेही पाळतो. या सगळ्यांना एकच क्रियापद पुरते, हे मला बरेच दिवस निव्वळ भाषेची काटकसर वाटत असे. हल्ली तसे वाटत नाही. या सर्व ठिकाणी पाळणारा माणूस स्वतःवर काहीतरी बंधन घालून घेत असतो, आणि ते बंधन तो विसरला की ज्याचे नुकसान होते तो बहुधा दुसराच कोणी असतो. गेल्या मार्गशीर्षात मी घरी एक छोटी मत्स्यपेटी मांडली, आणि या शब्दाशी माझी रोज गाठ पडू लागली.

पेटी अगदी लहान. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गंगापूर रोडवरच्या आमच्या सदनिकेत याहून मोठी मावलीही नसती. गणिताने तिच्यात 42 लिटर पाणी बसते. तळाचा दोन इंच थर आणि वरची एक इंच मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात उरते ते सुमारे 32 लिटर. हौशी मंडळींच्या भाषेत हिला ‘नॅनो टँक’ म्हणतात. लहान म्हणजे सोपी, असा समज सर्वत्र आहे आणि तो साफ उलटा आहे. दोनशे लिटर पाण्यात एखादे पान कुजले, तर पाण्याला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. 32 लिटरांत तेच पान संकट ठरू शकते. थोडे पाणी लवकर तापते, लवकर गार होते आणि लवकर नासते. म्हणूनच अशा पेटीत झाडे हवीत, भरपूर हवीत, आणि मासे अगदी थोडे.

आईचा या सगळ्याला विरोध होता. ती पंचवटीत वाढलेली. लहानपणी रामकुंडाच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसले की मासे तळव्यांना चावे घेत, आणि कणकेच्या गोळ्या टाकल्या की पाणी कसे उकळल्यासारखे दिसे, हे ती अजूनही सांगते. आता गुडघ्यांमुळे तिला घाट उतरवत नाही. वडिलांच्या अस्थी विसर्जित केल्या, तेव्हा ती शेवटची रामकुंडावर गेली होती. माझा बेत ऐकून ती म्हणाली, “अरे, नदीतल्या माशाला निदान नदी तरी असते. या बिचाऱ्यांना कुठे जावंसं वाटलं तर?” मी म्हणालो, हे मासे माशांच्या शेतीवर, हौदातच जन्मलेले असतात, नदी त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. “म्हणजे मग काहीच हरकत नाही, असंच ना?” आई म्हणाली. प्रश्न सरळ होता. तुरुंगात जन्मलेल्याला तुरुंग जाचत नाही, हा युक्तिवाद मी माणसाच्या बाबतीत कधी मान्य केला नसता, आणि माशाच्या बाबतीत तो का मान्य करावा याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ तेव्हाही नव्हते, आजही नाही. एवढेच ठरवता आले की आणायचे तर मासा असा आणावा, ज्याला या एवढ्या जागेत निदान दाटी होणार नाही. आणि पेटी अशी लावावी, की मासा आत येण्यापूर्वी तिथे जगण्याजोगे काहीतरी असेल.

म्हणून सुरुवात तळापासून केली. दुकानात रंगीत खडे मिळतात, निळे, गुलाबी, कधी कधी रात्री चमकणारेसुद्धा. त्यांच्याविषयी न बोललेले बरे. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंचे मत्स्यपेटीतल्या वनस्पतींविषयीचे पुस्तक 1999 साली आले. महागडी खते आणि कर्बवायूच्या नळकांड्या यांच्यावाचूनही, साध्या बागेतल्या मातीवर पेटी कशी उभी राहते, हे त्यांनी दाखवून दिले. खाली इंचभर माती, वर इंचभर बारीक खडी किंवा जाड वाळू : कृती इतकीच. मात्र नाशिककराने थोडे थांबून विचार करावा. आपली काळी माती पाण्यात फुगते, वाळली की भेगाळते, आणि जरा ढवळली गेली की दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. मी ओळखीच्या एका रोपवाटिकेतून लाल माती आणली. तिच्यात शेणखत मिसळलेले नाही याची खात्री करून घेतली, कारण खताचा अमोनिया होतो आणि अमोनिया माशाला मारतो. चाळून, काड्या-मुळ्या काढून, दोनदा भिजवून-वाळवून ती अंथरली. वाळू धुताना मात्र पाठ मोडली. दहा बादल्या पाणी उपसल्यावरही गढूळपणा जाईना.

दगड आपल्याकडे मुबलक. दख्खनचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, त्यामुळे तो बिनधास्त वापरावा. पण याच पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्साइटही असते, आणि ते पाण्याचा जडपणा वाढवते. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसले तर तो दगड बागेत. (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या पोकळ्यांतून निघालेले झिओलाइटचे स्फटिक मांडून ठेवले आहेत. त्याच कुळातले एक खनिज पाण्यातला अमोनिया शोषून घेते आणि म्हणून फिल्टरमध्ये वापरतात. संग्रहालयातले स्फटिक पाहून मात्र असल्या कामाची आठवण काढणे हा त्यांचा अपमान ठरेल.)

काचेची पेटी थर्माकोलच्या शीटवर ठेवली, म्हणजे खालचा उंचसखलपणा काचेला जाचत नाही. पाणी, माती, दगड आणि काच मिळून वजन 50 किलोच्या आसपास जाते, तेव्हा एकदा ठेवलेली पेटी हलवण्याचा विचार सोडून द्यावा. थेट ऊन येणारी खिडकी टाळली, नाहीतर आठवड्यात शेवाळाचे राज्य. वर साधा एलईडी दिवा, दिवसाला सात तास. कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर आणि त्याला हवा देणारा छोटा पंप. नळाचे पाणी गंगापूर धरणाचे, शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून आलेले. ते चोवीस तास उघड्या बादलीत ठेवले, शिवाय दुकानात ‘अँटीक्लोरीन’ म्हणून मिळणारे औषधही घातले. क्लोरीन मारतो ते रोगजंतू आणि आपल्याला हवे असलेले जंतू यांत भेद करीत नाही.

झाडांत पहिली हायड्रिला. शाळेत उपड्या नरसाळ्याखाली ठेवून, परीक्षानळीत ऑक्सिजन गोळा करून दाखवतात तीच. तिच्याइतकी जोमाने वाढणारी आणि तिच्याइतकी उपेक्षित वनस्पती दुसरी नसेल. तिच्या जोडीला व्हॅलिस्नेरियाची लांब पाती, सावलीत वाढणारी क्रिप्टोकोरीन, दगडाला दोऱ्याने बांधलेले जावा मॉस. क्रिप्टोकोरीन म्हटले की लोकांना श्रीलंका किंवा बोर्निओ आठवते. पण तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी वाढतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने अशा झाडांतून पाण्याखाली अख्खी निसर्गचित्रे उभी करण्याची कला रूढ केली. 2015 साली, मृत्यूपूर्वी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात उभारलेली पेटी 40 मीटर लांब आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांच्या अनुयायांनी दोन फुटांत हिमालय आणि चार इंचांत धबधबा दाखवण्याची जी स्पर्धा मांडली आहे तिच्याविषयी तितका नाही. मासा तिथे चित्राला प्रमाण मिळावे म्हणून असतो.

यानंतर पाच आठवडे काहीही केले नाही. पेटी लावण्यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. घरी येणारे विचारत, “मासे कुठे आहेत?” आई त्यांना सांगे, “सध्या तो पाणी पाळतोय.” थट्टेत का होईना, तिने क्रियापद अचूक वापरले होते.

पाच आठवड्यांत जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि गळलेली पाने कुजूनही अमोनियाच होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असते. झाडे ते खातात. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते राहतात वाळूच्या कणांवर, मातीच्या वरच्या थरात, स्पंजच्या छिद्रांत. त्यांची वाढ संथ असते, म्हणून वाट पाहायची. दरम्यान चिमूटभर खाद्य टाकून त्यांना अमोनिया पुरवायचा आणि थेंबांच्या चाचणीने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासायचे. आपल्या पाण्याचा सामू सातच्या वर असेल तर अधिक सावध राहावे, कारण सामू 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता : एका भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि वाळू-चिखल. पाने कुजून पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजलेले खाऊन टाकले आणि पाणी निवळले. मत्स्यपेटीच्या छंदाचा उगम बहुधा इथेच सांगतात. परंतु वॉरिंग्टन यांचा हिशेब ऑक्सिजन आणि कर्बवायूचा होता. नत्राची गोष्ट त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. ती उलगडली 1877 मध्ये, श्लोसिंग आणि म्युंत्स या दोन फ्रेंच संशोधकांनी केलेल्या प्रयोगात. त्यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुरुवातीचे काही दिवस पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. सुमारे तीन आठवड्यांनी मात्र नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. म्हणजे हे काम वाळू करीत नव्हती, वाळूत राहणारे कोणीतरी जिवंत करीत होते. माझ्या पेटीतला पाच आठवड्यांचा उपवास म्हणजे त्याच प्रयोगाची घरगुती आवृत्ती.

त्या पाच आठवड्यांत पेटीसमोर बसून माझ्या मनात वारंवार नदी येत राहिली. 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या गोदापात्राचा तळ काँक्रीटने झाकण्यात आला. हेतू वाईट नव्हता; लाखो माणसे उतरणार, कोणाचा पाय घसरू नये, गाळ दिसू नये. पण मग तिथे वाळू उरली नाही, चिखल उरला नाही. नदीसाठी न्यायालयापर्यंत गेलेल्या नागरिकांचे म्हणणे असे की कुंडांच्या तळातले जिवंत झरेही त्याखाली गाडले गेले. 2016 च्या दुष्काळात रामकुंड कोरडे पडले आणि तिथे टँकरने पाणी आणून ओतावे लागले, तेव्हा या म्हणण्याकडे थोडे अधिक लक्ष गेले. पुढे काही कुंडांतले काँक्रीट काढण्याचे कामही झाले. मी अभियंता नाही. परंतु 32 लिटर पाणी जिवंत ठेवण्यासाठी ज्याला आधी दोन इंच तळ जिवंत करावा लागला, त्याला नदीचा तळ ही केवळ पाय ठेवायची जागा वाटेनाशी होते. शहराखाली जिथे पाणी संथ होते तिथे पाणवेली माजतात, आपण त्यांना शिव्या देतो आणि यंत्रे लावून त्या काढतो. मी माझ्या पेटीत तरंगणारी झाडे मुद्दाम सोडली आहेत, कारण जास्तीचा नत्र ती अधाशासारखी ओढून घेतात. पाणवेलीही नदीत तेच करीत असतात. वनस्पती एकच काम दोन्हीकडे करते. फरक एवढाच की माझ्याकडे नत्र येतो तो आठ माशांचा.

आठ हा आकडा बऱ्याच घासाघिशीनंतर ठरला. आईचे म्हणणे, आणायचेच तर आपल्या गोदेतले आण. मागणी रास्त वाटते. झेब्रा डॅनिओ हा भारतीय ओढ्यांतला मासा, 1822 मध्ये हॅमिल्टनने त्याचे वर्णन केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो उंदरांच्या खालोखाल राबतो. पण तो सतत पळणारा. दीड फूट त्याला अंगणसुद्धा नव्हे. शिवाय नदीतून उचललेला मासा म्हणजे नदीतून एक वजा, हे आईलाही पटत होते. कर्नल साइक्स याने 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन करताना कित्येकांना इथल्याच बोलीतली नावे शास्त्रीय नावे म्हणून देऊन टाकली. ‘टॉर खुद्री’ हा महासीर त्यातलाच. ही नावे वाचताना आनंद होतो, आणि त्यांतले किती मासे आपण उभ्या आयुष्यात नदीत पाहिले हे मोजू लागलो की तो आनंद आटोपता घ्यावा लागतो.

शेवटी आणले ते एम्बर टेट्रा. ब्राझीलमधल्या आराग्वाया नदीच्या खोऱ्यातला, जेमतेम दोन सेंटिमीटरचा, निखाऱ्याच्या रंगाचा मासा. आता माशांच्या शेतीत सर्रास पैदास होणारा. 1987 साली त्याला मिळालेले शास्त्रीय नाव अमांडा ब्लेहर या बाईंवरून आहे. मासा शोधून आणणाऱ्या हायको ब्लेहर यांची ही आई, मुलांना बरोबर घेऊन ब्राझीलच्या जंगलांत हिंडलेली. हे मी आईला सांगितले. तिने चष्मा लावून माशाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “बाईने मुलांना कुठे कुठे नेलं, आणि तू मला साधं घाटावर नेत नाहीस.”

मासे आले ते संक्रांतीनंतर, निफाडचा पारा किती खाली गेला हे वर्तमानपत्रे रोज पहिल्या पानावर छापत होती त्या दिवसांत. त्यामुळे हीटर आधीच बसवला होता. या माशांना 24 अंशांखालचे पाणी फार मानवत नाही. दुकानातली पिशवी अर्धा तास पेटीत तरंगत ठेवली, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर पेटीचे पाणी तिच्यात घातले. मासे जाळीने उचलून पेटीत सोडले, पिशवीतले पाणी टाकून दिले. दोन दिवस ते व्हॅलिस्नेरियाच्या मागे फिकट पडून राहिले. तिसऱ्या दिवशी दिवा लागला तेव्हा आठही बाहेर आले आणि त्यांना खरा रंग चढला होता.

खाणे घालण्याचे काम आईने स्वतःहून घेतले. कणकेचा गोळा टाकायचा नाही, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. पिठूळ अन्न एवढ्याशा माशांच्या तोंडात जात नाही आणि तळाशी जाऊन नासते. “मग काय उपाशी ठेवणार त्यांना?” शेवटी मोहरीच्या दोन दाण्यांएवढे चुरलेले खाद्य, दिवसातून एकदा, यावर तडजोड झाली. पुढे एके दिवशी डबी हललेली नाही असे दिसले. विचारले तर म्हणाली, “आज एकादशी.” मत्स्यपालनाची पुस्तकेही माशांना अधूनमधून एक दिवस उपवास सुचवतात, त्याने पाणी आणि पोट दोन्ही साफ राहते. पुस्तके आठवड्याला म्हणतात, आई पंधरवड्याला. मी बोललो नाही. दर रविवारी मी पाचसहा लिटर पाणी काढतो आणि तेवढेच मुरवलेले घालतो. काढलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला जाते. कढीपत्ता त्यावर असा काही वाढला आहे की शेजारणी मागून नेतात.

एप्रिलमध्ये आमच्या इमारतीतले एक कुटुंब बदलीमुळे पुण्याला निघाले. त्यांच्या मुलाकडे काचेच्या भांड्यात एक मासा होता, सकर. शेवाळ खाऊन काच साफ करतो म्हणून दुकानदार सर्रास गळ्यात मारतात तो. तोवर तो वीतभर झाला होता. संध्याकाळी मुलगा बादली घेऊन जिन्यात उभा. आईने विचारले, “कुठे रे?” तो म्हणाला, “आजी, नदीत सोडायला. बाबा म्हणाले, तिथे तो सुखी होईल.”

आई त्याला दारातच थांबवून म्हणाली, “नदीत नाही सोडायचं त्याला.”

हे तिला मीच कधीतरी सांगितले होते : हा मासाही दक्षिण अमेरिकेतला, फूट-दीड फूट वाढतो, काठात बिळे करतो, अंगावर काटेरी चिलखत असल्याने त्याला खाणारे फार थोडे; आपल्याकडच्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत आता तोच अधिक सापडतो आणि जाळी फाडतो. पण ती हे लक्षात ठेवील असे वाटले नव्हते. मुलगा गोंधळला. “मग याला कुठे ठेवायचं?” आईने माझ्याकडे पाहिले. 32 लिटरांत त्याला ठेवणे म्हणजे हत्तीला न्हाणीघरात बांधणे. तीन दिवस तो आमच्या न्हाणीघरातच, मोठ्या टबात होता. पंपाची एक नळी त्याच्याकडे वळवली, वर ताट झाकले आणि ताटावर वरवंटा ठेवला. चौथ्या दुकानदाराने, ज्याच्याकडे सहा फुटी पेटी होती, त्याला ठेवून घ्यायचे कबूल केले. तोपर्यंत आई सकाळ-संध्याकाळ टबापाशी स्टुल टाकून बसे आणि काकडीच्या चकत्या एकेक करून पाण्यात सोडत असे.